थर्माकोल कापण्याच्या तारेसाठी घरगुती वीजपुरवठा : जोडणीत चूक कोठे आहे?

प्रश्न : नेपथ्यवाला, फोंडा

आमच्या गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकासाठी देवळाचे खांब आणि कमान थर्माकोलमधून कापायची आहेत. त्यासाठी मी लाकडी चौकटीवर 0.4 मिलिमीटर जाडीची, 60 सेंटिमीटर लांब नायक्रोम (निकेल-क्रोमियमची, विजेने तापणारी) तार ताणली आहे. तिला 12-0-12 व्होल्ट (मधल्या तारेपासून दोन्ही टोकांना 12-12 व्होल्ट), 3 अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरची दोन्ही टोके जोडली असून मधली तार मोकळी ठेवली आहे. उष्णता कमी-जास्त करण्यासाठी 230 व्होल्टच्या बाजूला पंख्याचा रेग्युलेटर बसवला आहे. तार लाल होते, काप बोटभर रुंद पडतो, आणि ट्रान्सफॉर्मर मोठ्याने गुणगुणत पाच मिनिटांत हात लावू नये इतका तापतो. ट्रान्सफॉर्मर काढून घरच्या विजेला बल्बमधूनच तार जोडावी, असे एका परिचिताने सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : जुना वायरमन, डिचोली

ते मुळीच करू नका. बल्ब प्रवाह कमी करतो, पण उघड्या तारेचा फेजशी असलेला संबंध तोडत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसासाठी तेवढा संबंध पुरेसा असतो. ट्रान्सफॉर्मरचा खरा उपयोग सेकंडरी (कापणाऱ्या तारेकडची) गुंडाळी घरच्या विजेपासून पूर्ण वेगळी ठेवण्यात आहे. व्होल्ट कमी होतात ही नंतरची गोष्ट.

आता तुमचा हिशेब पाहू. या जाडीच्या नायक्रोमचा रोध मीटरला सुमारे 8.7 ओहम, म्हणजे तुमच्या तारेचा सुमारे 5.2 ओहम. दोन टोकांमध्ये 24 व्होल्ट असल्याने प्रवाह साडेचार अँपिअरच्या वर जातो, तर ट्रान्सफॉर्मर 3 अँपिअरचा आहे. तो तापेल नाही तर काय? मधली तार आणि एक टोक घेतल्यास 12 व्होल्टवर प्रवाह 2.3 अँपिअर होईल. थर्माकोलसाठी तोही जास्तच आहे, कारण दीड अँपिअरच्या आसपास काप स्वच्छ येतो. म्हणून चौकटीबाहेर आणखी 30 सेंटिमीटर नायक्रोम मंगळुरी कौलाच्या कोरड्या तुकड्यावर गुंडाळून मूळ तारेबरोबर एकसरीत जोडा. वीज जोडणारा चिमटा या जादा तारेवर पुढे-मागे सरकवला की उष्णता बदलते. पंख्याचा रेग्युलेटर काढून टाका. ट्रान्सफॉर्मर जोडलेला असताना तो विजेच्या लहरीचे दोन अर्धे भाग सारखे सोडत नाही, त्यामुळे आतला लोखंडी गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि गुणगुण वाढते. प्रायमरीच्या (230 व्होल्टच्या बाजूच्या) फेजवर 500 मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक जादा प्रवाहाने न उडणारा) फ्यूज, सेकंडरीवर 3 अँपिअरचा फ्यूज आणि तीन पिनांचा प्लग असू द्या.

उत्तर : छंदिष्ट, म्हापसा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु मी एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा 12 व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या एसी विजेतून डीसी देणारा पुरवठा) आणि पीडब्ल्यूएम (वीज वेगाने चालू-बंद करून शक्ती ठरवणारा) नियंत्रक वापरतो, त्यामुळे उष्णता बटणावर नेमकी ठरवता येते. हा नियंत्रक केवळ डीसीवर चालतो, म्हणून तुमच्या ट्रान्सफॉर्मरला थेट जोडू नका. माझ्या जुन्या घरात अर्थिंग नव्हते, तेव्हा तारेला हात लागताच मुंग्या येत. एसएमपीएसच्या आतील गाळणीच्या (फिल्टरच्या) कपॅसिटरमधून येणारा तो गळतीप्रवाह अर्थ जोडताच थांबला. ताण देणाऱ्या स्प्रिंगमधून मात्र वीज जाऊ देऊ नका, कारण ती तापून ढिली पडते. लवचीक वायर थेट नायक्रोमच्या पितळी स्क्रूपर्यंत न्या.

प्रश्नकर्ता, फोंडा

मधली तार घेतली, रेग्युलेटर काढला. आवाज थांबला आणि कापही आता दोन मिलिमीटरच्या आत आहे. मात्र गोल खांब कापताना तार मधोमध मागे राहते आणि खालची कड वाकडी येते.

जुना वायरमन, डिचोली

हात घाईत आहे. तारेने थर्माकोल वितळवून पुढे सरकावे, तुम्ही तिला ढकलू नये. आणि खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.