लाटेकमध्ये आकृतीशेजारचा मजकूर आकृतीच्या वरच्या कडेशी कसा जुळवावा?

प्रश्न (खानापूर)

सीमाभागातील मराठी माध्यमाच्या ज्या मुलांना एसएसएलसी या कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेला बसायचे आहे, त्यांच्यासाठी आम्ही काही शिक्षक मिळून भूमितीची सराव पुस्तिका तयार करीत आहोत. अक्षरजुळणी झीलाटेकवर (आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या लाटेक या संगणक-प्रणालीच्या एका रूपावर) चालली असून प्रत्येक क्रमांकित प्रश्न डावीकडे आणि त्याची आकृती उजवीकडे अशी मांडणी ठरवली आहे. त्यासाठी प्रत्येक प्रश्नात दोन मिनिपेज, म्हणजे छोट्या पानासारख्या चौकटी, शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींना वरून जुळवण्याचा 'टी' हा पर्याय दिला. तरीही प्रश्नाची पहिली ओळ आकृतीच्या तळाशी येते आणि तिच्या वर आकृतीइतकी जागा कोरी राहते.

दोन्ही मिनिपेजच्या आरंभी शून्य उंचीची उभी जागा सोडण्याचा, म्हणजे व्हीस्पेसचा, उपाय करून पाहिला. त्याने मजकूर व आकृती वर जुळली, परंतु प्रश्नाचा क्रमांक एक ओळ वर राहिला आणि प्रश्न त्याच्या खाली सुरू होऊ लागला. क्रमांक, पहिली ओळ आणि आकृतीची वरची कड ही तिन्ही एका रेषेत येतील अशी रचना जाणकारांनी कृपया सांगावी.

उत्तर (निपाणी)

सर, 'टी' या पर्यायाचा अर्थ 'वरच्या कडा जुळवा' असा नसून 'दोन्ही मिनिपेजमधील पहिल्या ओळींच्या आधाररेषा जुळवा' असा आहे. आधाररेषा म्हणजे अक्षरे जिच्यावर टेकतात ती ओळीच्या तळाची रेषा. मजकुराच्या मिनिपेजमध्ये पहिली ओळ म्हणजे प्रश्नाची पहिली ओळ. आकृतीच्या मिनिपेजमध्ये मात्र संपूर्ण आकृती हीच पहिली ओळ ठरते. लाटेकच्या लेखी आकृती हे एक उंच अक्षर असते आणि त्याची आधाररेषा त्याच्या तळाशी असते. त्यामुळे आपल्याला दिसते ते आज्ञेप्रमाणेच आहे.

व्हीस्पेसच्या उपायात दोन्ही मिनिपेज आधाररेषेच्या खाली लोंबतात. क्रमांक मात्र मूळ आधाररेषेवरच असतो, म्हणून तो वर राहिलेला दिसतो. क्रमांकित प्रश्नांसाठी तो उपाय वापरू नये. मजकुराला हात न लावता केवळ आकृती खाली ओढावी, हाच येथे योग्य मार्ग आहे. ॲडजस्टबॉक्स हे पॅकेज 'एक्स्पोर्ट' पर्यायासह घ्यावे; मग आकृती घेण्याच्या इन्क्लूडग्राफिक्स कमांडलाच व्हीअलाइन हा पर्याय लहान लिपीतील 'टी' या किमतीसह देता येतो. मजकुराचे मिनिपेज 'टी' पर्यायासह आहे तसेच ठेवावे, म्हणजे क्रमांक आणि पहिली ओळ एकाच आधाररेषेवर येतील.

रुंदी देताना टेक्स्टविड्थ (पानावरील मजकुराची पूर्ण रुंदी) न वापरता लाइनविड्थ (त्या जागी ओळीला मिळणारी रुंदी) वापरावी. क्रमांकित यादीत डावीकडे समास सुटलेला असतो आणि टेक्स्टविड्थ त्याचा हिशेब धरत नाही, त्यामुळे आकृती उजव्या समासात घुसते. मजकुराला 0.6 आणि आकृतीला 0.35 असे प्रमाण ठेवून मध्ये एचफिल, म्हणजे उरलेली आडवी जागा भरणारी कमांड, घालावी. दोन मिनिपेजच्या मध्ये रिकामी ओळ मात्र सोडू नये. तेथे परिच्छेद संपतो आणि आकृती खाली जाते.

उत्तर (बेळगाव)

वरील उत्तर बरोबर आहे. त्याला देवनागरीपुरती एक पुस्ती जोडतो, कारण छापील पानावर हा फरक लगेच जाणवतो. ॲडजस्टबॉक्समधील लहान 'टी' आकृतीची वरची कड 'स्ट्रट' नावाच्या अदृश्य खांबाच्या उंचीला लावतो आणि हा खांब ओळींतील अंतराच्या 0.7 इतका उंच असतो. रोमन लिपीच्या नेहमीच्या अंतरात ते शोभते. आपण मात्र वेलांट्या, मात्रा आणि रफार सामावून घेण्यासाठी ओळींतील अंतर वाढवतो, त्याबरोबर खांबही वाढतो आणि आकृती मजकुरापेक्षा किंचित वर चढलेली दिसते.

मराठी वाचकाची नजर ओळीचा माथा शिरोरेषेवर धरते. तिच्यावरची वेलांटी किंवा रफार प्रत्येक ओळीत असतोच असे नाही. म्हणून आकृतीची वरची कड शिरोरेषेलाच लावावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी एक लांबी ठरवून सेटटूहाइट या कमांडने तिच्यात 'क' या अक्षराची उंची साठवावी. त्यानंतर आकृती रेझबॉक्समध्ये, म्हणजे आतील वस्तू वर-खाली सरकवणाऱ्या कमांडमध्ये, ठेवून उचलण्याचे माप 'त्या लांबीतून आकृतीची उंची वजा' असे द्यावे. हे माप ऋण येते, म्हणून आकृती खाली सरकते आणि तिची वरची कड नेमकी शिरोरेषेवर बसते. हे सर्व एका नव्या कमांडमध्ये बांधून ठेवले, तर पुढे टंक किंवा आकार बदलला तरी प्रत्येक प्रश्नात दुरुस्ती करावी लागणार नाही. हे वापरताना इन्क्लूडग्राफिक्समधील व्हीअलाइन काढून टाकावे.

आकृतीच्या फाइलभोवती कोरी जागा असेल, तर हे सारे व्यर्थ जाते. लाटेक फाइलची कड मोजते, त्रिकोणाचे शिरोबिंदू नव्हे. आकृत्या आधी कडेपर्यंत कातरून घ्याव्यात.

प्रश्नकर्ता (खानापूर)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शिरोरेषेचा उपाय लागू पडला. 'काटकोन त्रिकोण अबक मध्ये' ही ओळ, तिचा क्रमांक आणि शिरोबिंदू अ आता एका रेषेत दिसतात. एक अडचण उरली आहे. मुले शाळेत कन्नडही शिकत असल्यामुळे प्रश्नाखाली 'लंबकोन त्रिभुज' यासारखी कन्नड संज्ञा कन्नड लिपीत दिली आहे आणि त्या ओळीनंतरचे अंतर कोठे कमी, कोठे जास्त होते. शिवाय उपप्रश्न असलेले मोठे प्रश्न पानाच्या शेवटी न तुटता संपूर्ण पुढच्या पानावर जातात.

उत्तर (चिकोडी)

कन्नड जोडाक्षरांतील दुसरे व्यंजन ओळीखाली ओत्तक्षराच्या रूपाने लिहिले जाते. ते खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडणार असे दिसताच टेक (लाटेकच्या मुळाशी असलेली प्रणाली) नेहमीचे अंतर सोडून त्या दोन ओळींपुरते वेगळे अंतर घालते. ओत्तक्षर असलेल्या ओळीखाली अंतर वाढते आणि नसलेल्या ओळीखाली नेहमीचेच राहते, ते यामुळे. संपूर्ण पुस्तिकेत 12 पॉइंटच्या अक्षरासाठी ओळींतील अंतर 18 पॉइंटच्या आसपास ठेवून पाहावे आणि कन्नड टंक थोडा लहान करावा. पहिली ओळ मराठीच ठेवावी, म्हणजे शिरोरेषेचे माप लागू राहील.

मिनिपेज दोन पानांत विभागता येत नाही. म्हणून मिनिपेजमध्ये केवळ प्रश्नाचे मुख्य विधान आणि आकृती ठेवावी, ते तेथेच बंद करावे आणि उपप्रश्न त्याखाली पूर्ण रुंदीत साध्या यादीने द्यावेत. आकृतीला क्रमांक व मथळा हवा असल्यास मिनिपेजच्या आत फिगर हे तरंगते वातावरण (आकृतीला पानावर सोयीच्या जागी हलवणारी रचना) घालू नये, तेथे त्रुटी येते. कॅप्शन पॅकेजमधील कॅप्शनऑफ ही कमांड वापरावी.

मजकूर आकृतीभोवती वळवणारे रॅपफिग हे पॅकेज क्रमांकित याद्यांत आणि पानाच्या शेवटाजवळ बिघडते, त्यामुळे प्रश्नांसाठी ते टाळावे. प्रकरणांच्या आरंभी प्रमेयांचे सलग विवेचन असेल, तर तेथे ते अवश्य वापरावे. मात्र अरुंद होणाऱ्या ओळींची संख्या स्वतः द्यावी, कारण वाढवलेल्या अंतरात त्याचा आपोआप केलेला अंदाज एखाद्या ओळीने चुकू शकतो.