फक्त ग्राउटिंगवर सोडू नका

भाऊ, तुम्ही वर लिहिलंय की मातीच्या धरणाखाली वाळूचा थर असला तर भरपूर ग्राउटिंग (भोकं पाडून दाबानं सिमेंटचा घोळ भरणं) करून टाकायचं, कटऑफ भिंतीचा (गळती अडवायला धरणाखाली जमिनीत खोल घालतात ती भिंत) खर्च कशाला. मला हे बिलकुल पटत नाही. ग्राउट कुठं गेलं, कुठं नाही हे दिसत नाही, भिंतीच्या खोदाईत निदान खालचा माल हातात येतो, ग्रॅबमधून (खोदणारा यांत्रिक पंजा) वाळू संपून खडकाचे टवके निघायला लागले की कळतं आपण कुठवर पोचलो. आणि खडकात नीट शिरल्याशिवाय थांबायचंच नाही, कारण ९० टक्के खोली अडवली म्हणजे गळती ९० टक्के कमी झाली असं होत नाही, उरलेल्या फटीतून पाणी जोरात पळतं.

दुसरं, नुसतं कडक काँक्रीट नको. भरावाच्या वजनानं माती दबते, भिंत दबत नाही, मग तडकते, म्हणून बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) घातलेलं, मातीबरोबर थोडं दबणारं प्लास्टिक काँक्रीट. ओतताना ट्रेमी पाइपचं (काँक्रीट तळापर्यंत सोडायची नळी) टोक कायम ताज्या काँक्रीटमध्ये दोनेक मीटर बुडालेलं पाहिजे, जरा वर आलं की स्लरी (चर ढासळू नये म्हणून त्यात भरलेला बेंटोनाइटचा घोळ) मधे अडकते आणि भिंतीत भोक राहतं.

अमेरिकेतल्या वुल्फ क्रीक धरणात १९७० च्या दशकात भिंत घातली, ती पुरली नाही, २०१३ मध्ये दुसरी पूर्ण करावी लागली. आपण इंदूरवाल्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारी धार जिल्ह्यात कारम धरण गळताना पाहिलंय, तिथं भरावातून गळत होतं हे खरं, पण खालची गावं रिकामी करावी लागलीच ना.

तुमच्याकडे खालची जमीन तपासायचे बोअर किती अंतरावर घेतलेत ते टाका, त्यावरून खोलीचं बोलू.