मदत हवी आहे : नव्या गाडीचं शहरातलं मायलेज आणि बाहेरून बसवायचा रिव्हर्स कॅमेरा

नमस्कार मंडळी,

दिवाळीत गाडी घेतली. १.२ लिटर पेट्रोल, एएमटी (गिअर आपोआप बदलणारी), हॅचबॅक, मधला व्हेरियंट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा लगेच कुणाचा पत्रा पातळ या वळणावर जातो.

आधी मायलेजचं. ब्रोशरात आकडा विशीच्या वर, मला ठाण्यात साडेबारा-तेरा पडतं. रोजचा रस्ता कासारवडवली ते वागळे इस्टेट, घोडबंदर रोडने. ज्यांनी तो संध्याकाळी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एसी कायम चालू. हिशेब टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा केलाय, त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबवून. मीटरवरचा सरासरी आकडा मात्र चौदाच्या पुढेच असतो. हायवेला ८०-९०च्या वेगाने तीच गाडी अठराला पोचते, त्यामुळे इंजिनात खोट असेल असं वाटत नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "साहेब, इंजिन मोकळं होऊ द्या, वाढेल." शेजारचे काका म्हणतात सगळा दोष ई२०चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. सासऱ्यांच्या मते जावयाचा पाय जड आहे. यातलं खरं काय?

आता कॅमेरा. या व्हेरियंटला मागे फक्त सेन्सर आहेत. कॅमेरा हवा तर टॉप मॉडेल, म्हणजे सनरूफसकट लाखभर जास्त. आमचं पार्किंग पोडियमवर, माझी जागा खांब आणि भिंत यांच्या मधे. सेन्सर ओरडतो, पण खांबासाठी ओरडतोय की भिंतीसाठी ते कळत नाही. ते एक वेळ जमवून घेईन. खरी धास्ती वेगळी आहे. सोसायटीतली पोरं तिथेच सायकली फिरवतात, आणि एखादं चेन बसवायला गाडीमागे खाली बसलं तर सेन्सरला कळेलच याचा भरवसा वाटत नाही.

डीलर अॅक्सेसरी म्हणून साडेसात हजार मागतोय. बाहेरचा दुकानदार अडीच हजारांत बसवून देतो म्हणतो. डीलरचं म्हणणं, बाहेर वायर कापली की वॉरंटी गेली. दुकानदाराचं म्हणणं, कपलर (तयार जोडणारा प्लग) लावतो, वायर कापतच नाही. कंपनीच्या स्क्रीनवर चित्र येईल का विचारलं तर "येईल बहुतेक." त्या "बहुतेक"वर अडीच हजार घालायचे का? शिवाय सासऱ्यांचं आणखी एक : कॅमेऱ्याने बॅटरीवर लोड येतो, मायलेज अजून पडेल.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

अभिनंदन! मायलेजपुरतं लिहितो. ब्रोशरमधला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवून काढतात. साधारण वीस मिनिटांची ठरलेली चाल, कमाल वेग ९०, एसी बंद. त्यात कापूरबावडीचा सिग्नल नसतो. गाडी उभी आणि इंजिन सुरू असतं तेव्हा तुमचं मायलेज शून्य असतं, आणि तुमच्या रस्त्यावर तोच वेळ जास्त. त्यात एसी. साडेबारा-तेरा मला अगदी नॉर्मल वाटतं.

काकांना सांगा, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर ई२०ने ६-७ टक्के फरक पडावा, आधीच्या ई१०शी केली तर त्याच्या निम्मा. तेरावर तो अर्धा किलोमीटरही होत नाही. वीस आणि तेरातली दरी त्याने भरत नाही. इंजिन मोकळं झाल्यावरही थोडंफार वाढेल, चमत्कार नाही.

टायरची हवा मात्र बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, तोच आकडा, तोही टायर गार असताना. पंपावरचे पोरगे विचारल्याशिवाय "तीस-पस्तीस" भरून मोकळे होतात. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल तर चिडून ते बटण बंद करू नका. तुमच्या रस्त्यावर तेच कामाला येईल. मीटर दहाएक टक्के उदार असणं नेहमीचंच.

प्रतिसाद २

सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि म्हणावं, कॅमेरा दोन-तीन वॅट खातो, तोही रिव्हर्स टाकल्यावरच. हॅलोजन हेडलाइटचा एक बल्ब ५५-६० वॅटचा असतो. मायलेजचा प्रश्न मिटला.

तुमच्या व्हेरियंटला सेन्सर आहेत ते १ जुलै २०१९पासून सक्तीचे झाले म्हणून. कॅमेऱ्याची तशी सक्ती आपल्याकडे नाही. अमेरिकेत मे २०१८पासून प्रत्येक नव्या कारला आहे, रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे असा नियम. आपल्याकडे तो टॉप मॉडेल विकायचं आमिष झालाय, हे माझं वैयक्तिक मत.

"बहुतेक"चा इलाज सोपा आहे. पॅनेल उघडायच्या आधी कॅमेरा तात्पुरता जोडून स्क्रीनवर चित्र दाखवायला सांगा. स्वस्तातले कॅमेरे साधे अॅनालॉग आणि एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचे) अशा दोन जातींचे असतात. स्क्रीनला जात मानवली नाही की काळी पट्टी, नाहीतर चित्र वर-खाली पळतं. चित्र आलं की डावं-उजवं तपासा. मागचा कॅमेरा आरशासारखं उलटं चित्र देतो. तसं नसेल तर वायरीला बारीकसा लूप असतो, तो कापून बदलतात. वायर डिकीच्या रबरी नळीतूनच आत न्यायला लावा. बाजूने भोक पाडलं तर पावसाळ्यात पाणी आत.

रंगीत रेषांवर लगेच विश्वास नको. त्या स्थिर असतात, स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत, आणि रुंद लेन्समुळे वस्तू आहे त्याहून लांब वाटते. भिंतीपासून हात-दीड हातावर गाडी लावून, उतरून, लाल रेष कुठे येते ते एकदा बघून घ्या. आणि मुलांचं म्हणाल तर कॅमेऱ्याला बाजूने पळत येणारं पोर दिसत नाही. काच खाली करून, आरसे बघत, हळूच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. हवा तपासली, मागच्या दोन टायरांत बरीच जास्त होती. एक शंका राहिली : स्क्रीनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा पर्यायच दिसत नाही. मग बाहेरचा चालेल का?

प्रतिसाद २

काही गाड्यांत इनपुट असतो, पण तो सॉफ्टवेअरमधून चालू करावा लागतो आणि ते काम डीलरच्याच मशीनवर होतं. तिथे आधी एवढंच विचारा : चालू करायचे वेगळे किती घेणार, आणि कपलरने बसवलेल्या कॅमेऱ्याने कशाची वॉरंटी जाते ते ईमेलवर लिहून देणार का. लिहून द्यायची वेळ आली की तोंडी धमक्या बऱ्याचदा सौम्य होतात. चालू करून द्यायला नाही म्हणाले तर दोन रस्ते उरतात : त्यांचाच साडेसात हजारांचा घ्या, सहा-साडेसहापर्यंत घासाघीस करून, किंवा आतल्या आरशावर बसणारी छोटी स्क्रीन घ्या. ती कंपनीच्या स्टिरिओला हातच लावत नाही.