मदत हवी आहे: मेडिकलच्या जागा वाढवायचं निवेदन नेमकं कुणाच्या नावाने द्यायचं? (अर्जंट)

सिडकोची_आई
नमस्कार, परवा सकाळी मंत्री येतायत, त्याआधी निवेदन तयार पाहिजे आणि आमचं 'प्रति' च्या पुढे गाडी सरकत नाहीये. क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर ठरलंय की जागा वाढवून मागायच्या, 50 च्या निदान 100 तरी करा. एक जण म्हणतो आरोग्य खात्याला लिहा, दुसरा म्हणतो वैद्यकीय शिक्षण, तिसरा म्हणतो आरोग्य विद्यापीठ इथे नाशकात म्हसरूळलाच आहे तिथेच देऊन टाका. काल एका ऑफिसात गेलो तर "हे आमच्याकडे येत नाही". फक्त नाव कुणाचं टाकायचं ते सांगा, लेक्चर नको प्लीज.

गोदाकाठ_77
कुठल्या जागा ताई? एमबीबीएस की पीजी? आणि कॉलेज कुठलं, आडगावचं का? ते खाजगी संस्थेचं आहे, त्यासाठी मंत्र्यांना कशाला निवेदन.

सिडकोची_आई
अहो सरकारीच. आणि एमबीबीएसच, पोरं बारावीची आहेत ना.

आमनं_धुळं
राग मानू नका पण 2024 ला तर मिळालं तुम्हाला कॉलेज, अजून नीट बसायला जागा नाही आणि लगेच डबल पाहिजे? आमच्याकडे 1989 पासून चालू आहे. नवीन जागा, नवीन पीजी सगळं आधी जुन्या कॉलेजला द्या. नाशिकला रस्ते पण पाहिजेत, विमान पण पाहिजे, आता डॉक्टर पण.

गोदाकाठ_77
भाऊ, 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्हा 61 लाख, धुळे 20 लाख. तुमच्याकडे 150 जागा, आमच्याकडे 50. अख्ख्या राज्याच्या मेडिकल कॉलेजांचं विद्यापीठ 1998 पासून नाशकात आणि गावात सरकारी एमबीबीएस नाही, ही गंमत आम्ही पंचवीस वर्षं बघितली. धुळ्याला झालं, जळगावला झालं, नंदुरबारला झालं, मग आमचा नंबर. आणि हो, तुमच्या कॉलेजला नाव ज्यांचं आहे ते भाऊसाहेब हिरे मालेगावचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे 😄

आमनं_धुळं
मालेगाव वेगळा जिल्हा मागतंय, आधी ते सांभाळा. आणि तुमच्याकडे आडगाव आहे, इगतपुरीकडे एसएमबीटीचं खाजगी कॉलेज आहे, कमी काय आहे?

सिडकोची_आई
तिथली फी बघितलीत का दादा. जाऊ दे. कृपया विषयावर बोला, माझ्याकडे एक दिवस आहे.

कागदपत्र_काका
ताई, कास्ट व्हॅलिडिटी आत्ताच काढून ठेवा. नॉन क्रिमी लेयर पण. मागच्या वर्षी आमच्या भाच्याचं व्हॅलिडिटीमुळे राहिलं. डोमिसाईलच्या जागी आधार चालत नाही.

सिडकोची_आई
काका, आम्ही ओपन 🙏

मंत्रालय_रिटायर्ड
नाव सांगतो, पण दोन ओळी ऐकून घ्या. एमबीबीएसच्या जागा मंत्री वाढवत नाही, दिल्लीचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग वाढवतो, एनएमसी. कॉलेजने अर्ज करायचा, सोबत शासनाचं आवश्यकता प्रमाणपत्र (गरज आहे असं) आणि विद्यापीठाचं संलग्नतेचं संमतीपत्र. मग खाटा मोजतात. 50 जागांना 220 खाटांचं हॉस्पिटल लागतं, 100 ला 420. शिवाय प्राध्यापक हजर पाहिजेत, नुसत्या मंजूर पोस्ट दाखवून भागत नाही. धुळं मोठं की नाशिक मोठं याला त्या फाईलमध्ये रकानाच नाही. आम्ही अशी निवेदनं गठ्ठ्याने बघितली, "61 लाख जनता" म्हणून सुरू होतात आणि खाली मागणी एकच, जागा वाढवा. त्याच्यावर "नियमानुसार कार्यवाही" लिहून फाईल बंद. त्याऐवजी खाटा आणि भरती मागा, ती राज्याच्या हातात आहे.
प्रति: मंत्री, वैद्यकीय शिक्षण, मंत्रालय, मुंबई. प्रत सचिवांना आणि कॉलेजच्या अधिष्ठात्यांना. कॉलेजला जोडलेलं सिव्हिल (जिल्हा रुग्णालय) मूळचं आरोग्य खात्याचं म्हणून तुमचा घोळ झालाय, एक प्रत त्यांनाही लावा. सिव्हिलच्या चालू खाटा किती आणि रिकाम्या पोस्ट किती, माहिती अधिकारात विचारलंय का कुणी?

सिडकोची_आई
नाही 😐 त्याला महिना जातो ना.

पंचवटीकर
सिंहस्थाला कोट्यवधी लोक येणार, त्या नावाने मागा ना, सगळं त्याच नावाने मंजूर होतंय, झाडं तोडायला पण तेच कारण.

आमनं_धुळं
हे मात्र खरं. मंत्रालयवाले काका, आमच्याकडे पण शिकवायला माणसं कमीच पडतात. खाटा आणि भरतीची मागणी सगळ्या जिल्ह्यांची मिळून करा, मी सही देतो. आणि सुरगाण्या-पेठचा माणूस नाशकालाच येणार, धुळ्याला नाही, हे मान्य.

सिडकोची_आई
थँक यू काका, खाटा आणि भरतीच लिहिते. 220 / 420 पहिल्याच ओळीत टाकला.

मंत्रालय_रिटायर्ड
चांगलं. पण परवा येणारे मंत्री वैद्यकीय शिक्षणाचेच आहेत ना?

सिडकोची_आई
कुंभमेळ्याच्या बैठकीला येतायत एवढंच माहितीये. खातं कुठलं ते ग्रुपवर विचारते, थांबा.