होम फेनच्या खांबाखालची चार मीटर जमीन गेली कुठे?

कृष्णाकाठची:
गेल्या रविवारी बाबांना इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या होम फेन या जुन्या दलदलीतल्या बर्चवनात घेऊन गेले होते. बाबा सांगलीकडचे, उसाचे शेतकरी. पांढऱ्या खोडाची सुटलेली साल बघून "अगं, हा आपल्या भूर्जपत्राचाच भाऊ" म्हणत खूश होते. जमीन पायाखाली गादीसारखी दबते, तेही त्यांनी टाच रोवून पाहिलं. मग तो लोखंडी खांब आला. १८५१ साली तो पीट नावाच्या वरच्या थरातून खालच्या चिकणमातीपर्यंत रोवला, तेव्हा त्याचं टोक जमिनीबरोबर होतं. आज ते चार मीटर वर आहे. बाबा गप्पच झाले. आमचं रान क्षारपड झालं तेव्हा त्यांनी सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला होता. तेव्हापासून एकच विचारतायत, "निचऱ्यानं पाणी जातं, जमीन कशी जाईल?" वाहून जायला तिथे उतारही नाही, तो भाग समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली आहे. त्यांना पटेल असं कोणी सांगेल का?

मातीवाला:
ती माती नव्हतीच, हे आधी काकांना सांगा. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून साठलेलं शेवाळ, बोरू, पाला. पाण्यात हवा पोचत नाही, म्हणून ते टिकलं. शेजारचं व्हिटलसी मीअर हे मोठं तळं १८५१ मध्ये उपसायला घेतलं. त्यासाठी वाफेवर चालणारा ॲपोल्डचा पंप होता, त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात गाजलेला. पाणी उतरलं तसं पीट आकसलं, म्हणून पहिल्या काही वर्षांत खांब झपाट्यानं उघडा पडला. पुढे हवा लागून ते कुजत गेलं आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडालं. उकिरड्यातलं खत वर्षभरात किती खाली बसतं, ते काकांना माहीत असेलच. त्यांच्या रानात मात्र क्षार धुऊन गेले, माती जागेवर राहिली.

रानवाटा:
आणि बर्चही त्या उपशानंतरचाच. कोरड्या पीटवर वाऱ्यानं बी येऊन पडलं, शेती सुटली तिथे रान माजलं. ब्रिटनच्या सखल भागातलं चंदेरी बर्चचं हे सर्वांत मोठं वन. मला ते फार आवडतं, तरी सांगते, बर्च पाणी ओढतो आणि पीट आणखी सुकतं. म्हणून दलदलीच्या तुकड्यांत बर्च तोडताना दिसले तर वाईट वाटून घेऊ नका. ग्रेट फेन प्रकल्पात होम फेन आणि वुडवॉल्टन फेन जोडून आसपासच्या जमिनीत पुन्हा पाणी धरतायत. ओलं राहिलं तर पीट वर्षाला साधारण मिलिमीटरभर चढतं.

कृष्णाकाठची:
दोघांचंही वाचून दाखवलं. उकिरड्याचं लगेच पटलं. मग बाबांनी मिलिमीटरचा हिशेब मांडला, "चार हजार वर्षं!" आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शनिवारी पुन्हा जायचंय म्हणतात, चरातलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते बघायला.