पोर्टफोलिओ डॅशबोर्डवर सरासरी एसपीआय फसवा येतोय का?

प्रश्न: पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डेटावरून रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) सगळ्या प्रकल्पांचा मिळून एक डॅशबोर्ड केलाय. वरच्या कार्डावर सरासरी एसपीआय (काम वेळापत्रकाच्या मानाने किती झालं ते सांगणारं गुणोत्तर; 1 च्या खाली म्हणजे मागे) 1.05, हिरवागार! पण सगळ्यात मोठा प्रकल्प रखडलाय हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. गडबड कुठे असेल?

उत्तर: गुणोत्तरांची सरासरी काढताय ना? समजा, छोट्या प्रकल्पाचं अर्जित मूल्य (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) 12, नियोजित (आतापर्यंत व्हायला हव्या होत्या त्या कामाचं) 10, भागाकार म्हणजे एसपीआय 1.2. मोठ्याचं 90 आणि 100, म्हणजे 0.9. सरासरी बरोब्बर 1.05! तेच 102 भागिले 110 केलं तर 0.93. मेझरमध्ये (पॉवर बीआयमधलं हिशेबाचं सूत्र) आधी दोन्ही बेरजा, मग भागाकार. आणि संपलेले प्रकल्प फिल्टर करून काढा. काम पूर्ण झालं की एसपीआय 1 वरच येतो, मग ते वर्षभर उशिरा का संपलेलं असेना.

प्रश्नकर्ता: केलं. कार्ड लाल झालं, आता साहेबांना सांगायचं कोणी! बरं, डेटाचं रिफ्रेश तासातासाला लावता येईल?

दुसरं उत्तर: प्रो लायसन्सवर शेड्यूल्ड रिफ्रेश दिवसाला 8 वेळाच. तसंही टाइमशीट आठवड्यातून एकदा भरत असतील तर तासाला नवं काय दिसणार? त्यापेक्षा कार्डाखाली ‘माहिती कधीपर्यंतची’ ती तारीख टाका.