चाचा कोणाला म्हणायचं? रास अल खैमा, १८१९

गलबत्या (धागाकर्ता):

कान्होजी आंग्र्यांना कोणी 'पायरेट' म्हटलं की आपण उसळतो, आणि उसळायलाच हवं. ते सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख होते, दस्तक (समुद्रावर फिरायचा परवाना) न घेता फिरणारं जहाज अडवायचा त्यांना अधिकार होता, हे आपल्याला तोंडपाठ असतं. मग त्याच मुंबईकर इंग्रजांनी पुढे शंभरेक वर्षांनी इराणच्या आखातातल्या अल कासिमी या अरब घराण्याला 'चाचे' ठरवलं, ते मात्र आपण निमूट गिळतो. का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रास अल खैमा आणि शारजा (आजच्या अमिरातीत) ही कासिमींची बंदरं, समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगे. मस्कतच्या (ओमान) राज्यकर्त्यांशी त्यांचं हाडवैर. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मस्कतशी तह केला, म्हणजे दोघांच्या भांडणात एकाच्या ओट्यावर जाऊन बसली. १८०८ साली मुंबईचं 'सिल्फ' हे जहाज कासिमींनी पकडलं. १८०९ च्या नोव्हेंबरात कॅप्टन वेनराइट आणि कर्नल लायनेल स्मिथ यांनी रास अल खैमावर हल्ला करून बंदरातली गलबतं जाळली आणि परत फिरले. काही वर्षांत पुन्हा तेच सुरू. मग १८१९ च्या नोव्हेंबरात मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर ३ हजारांच्या आसपास फौज घेऊन मुंबईहून निघाला. ९ डिसेंबरला शहर पडलं. इंग्रजांचे ५ मेले, रास अल खैमाच्या शेख हसन बिन रहमाने आपले ३०० गेल्याचं सांगितलं. याला लढाई म्हणायचं की झोडपणं?

माझं मत सरळ आहे. भांडण पाण्यावरच्या हुकमतीचं होतं. जिंकला तो आरमार, हरला तो चाचा.

हिशेबनीस:

अजिबात सहमत नाही. तुमच्या गोष्टीत फक्त इंग्रज आणि अरब दिसतात. गलबतांवरची माणसं कुठे गेली?

६ जानेवारी १८१६. 'दर्या दौलत' नावाची कंपनीची फत्तेमारी (शिडाचं गलबत) द्वारकेजवळ कासिमींनी गाठली. तिच्यावर एकही गोरा नव्हता, सगळे ३८ जण इथलेच. १७ मारले गेले, ८ जणांना कैद करून रास अल खैमाला नेलं, उरलेल्या जखमींना मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर उतरवलं. त्या सतरा घरांत जाऊन 'हे हुकमतीचं भांडण होतं बरं का' असं सांगता आलं असतं का तुम्हाला? आणि द्वारका म्हणजे आखात नव्हे. कासिमींची गलबतं इथवर येत होती. इथे कोणत्या मस्कतकराशी वैर होतं?

गलबत्या:

'दर्या दौलत'बद्दल वाईट वाटतंच. पण ती कंपनीची सशस्त्र फत्तेमारी होती, तिच्यावर तोफा होत्या. मीठ-तांदूळ वाहणारा मचवा नव्हता तो.

हिशेबनीस:

तोफा होत्या, कारण चाचे होते. (आता कोंबडी आधी की अंडं आधी, हे सुरू करू नका.) आणि समोर तीन जहाजं होती, प्रत्येकावर सहा तोफा आणि शंभर ते दोनशे माणसं.

तिरकस:

दोन पानं भांडण झालं, अजून शिवाजी महाराज आले नाहीत. प्रगती आहे.

दुबईकर:

गेली काही वर्षं अमिरातीत आहे. रास अल खैमाच्या उत्तरेला धाया नावाची गढी आहे, टेकडीवर. सुट्टीच्या दिवशी पायऱ्या चढून जाता येतं, वर उभं राहिलं की खाली खजुराच्या बागा आणि पलीकडे समुद्र. रास अल खैमा पडल्यावर लोक इथे चढून बसले. इंग्रजांनी 'लिव्हरपूल' जहाजावरच्या दोन मोठ्या तोफा उतरवून गढीसमोर आणल्या आणि २२ डिसेंबरला गढी पडली. शरण आलेले जेमतेम ४००, त्यातले लढणारे पावणेदोनशेच्या आसपास. बाकी साधे रहिवासी. चाच्यांच्या अड्ड्याचं वर्णन म्हणून हे मला काही पटत नाही.

इथे कासिमींना कोणी चाचे म्हणत नाही, हे वेगळं सांगायला नको. शारजाचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ मध्ये पुस्तकच लिहिलं: अरबी चाचेगिरी ही कंपनीने व्यापारासाठी उभी केलेली दंतकथा.

हिशेबनीस:

घराण्यातल्या माणसाने घराण्याची बाजू मांडली. त्यात पुरावा असेल तर जरूर बघू, पण आडनाव वाचून मी हात जोडणार नाही.

मालवणी खाजा:

मी मालवणचो. इंग्रजांनी १७६५ साली आमचो सिंधुदुर्ग घेतल्यानी आणि नाव काय ठेवल्यानी तर 'फोर्ट ऑगस्टस'! तां नाव आज कोणाक तरी आठवता काय?

असो, पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. वर लायनेल स्मिथचं नाव आलंय, ते नीट लक्षात ठेवा. १८०९ मध्ये रास अल खैमात गलबतं जाळणारा हाच स्मिथ पुढे मालवणात 'चाचे मोडायला' आला. आधी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांनी मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांना दिला, त्याच वर्षी सावंतवाडीकरांनी वेंगुर्ला. मग स्मिथ थोडी फौज आणि जहाजं घेऊन उतरला. माणूस तोच, पद्धत तीच.

पण गलबत्या, तुमच्या बाजूनेही पूर्ण बोलत नाही. मालवणच्या गलबतांनी लुटलेली जहाजं काय फक्त टोपीकरांची होती? आपल्याच किनाऱ्यावरचे व्यापारी त्यात होते. आणि दुसरीकडे, कोल्हापूरकरांनी बंदर सोडलं ते चाचेगिरीची लाज वाटली म्हणून नव्हे. पेशव्यांपासून संरक्षण हवं होतं, त्याची ती किंमत. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांकडचा कंपनीचा वकील, तेव्हा एल्फिन्स्टन. १८१९ ला कीर आखातात निघाला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर कोण? तोच.

गलबत्या:

खाजाभाऊ, स्मिथचं हे माहीत नव्हतं. धाग्याचं सार्थक झालं.

आता तहाकडे येतो. जानेवारी १८२० मध्ये आखातातल्या शेखांनी ज्यावर सह्या केल्या, त्यातलं पाचवं कलम बघा. प्रत्येक गलबताजवळ शेखाच्या सहीचा कागद हवा: गलबताचं नाव, लांबी, रुंदी, माल किती मावतो. शिवाय दुसरा कागद: मालक कोण, नाखुदा कोण (आपला नाखवा तोच), माणसं किती, हत्यारं किती, कुठून निघालं, कुठे चाललं. इंग्रजी जहाज भेटलं की दाखवायचा. हे दस्तक नाही तर काय आहे? आंग्र्यांनी मागितलं तर लूट, इंग्रजांनी मागितलं तर कायदा!

हिशेबनीस:

दस्तकासाठी आंग्रे पैसे घेत, हा फरक तुम्ही सोयीस्कर विसरलात. आणि पाचव्या कलमाच्या आधी दुसरंही वाचा की. त्यात म्हटलंय, एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध जाहीर करून केलेलं युद्ध वेगळं. न सांगता माणसं मारणं आणि माल पळवणं ही लूट. म्हणजे शेखांनी आपसात लढूच नये असंही इंग्रज तेव्हा म्हणाले नव्हते. नवव्या कलमात आफ्रिकेतून किंवा आणखी कुठून पुरुष, बायका, मुलांना गुलाम म्हणून जहाजांत भरून नेणं हीसुद्धा चाचेगिरीच ठरवली. यात तुम्हाला खटकण्यासारखं काय आहे?

गलबत्या:

कलम नाही खटकत. 'जाहीर युद्ध' कोणतं हे ठरवणारा खटकतो. १८०९ ला लिंगे जाळलं तेव्हा कोणतं सरकार कोणाविरुद्ध युद्ध जाहीर करून आलं होतं?

पैशाचा मुद्दा मान्य. तिथे मी घसरलो.

दुबईकर:

शांतता तोफांनी आली असं समजू नका, एवढंच. १८२० नंतरही शेख आपसात लढतच होते. १८३५ मध्ये फक्त मोत्यांच्या हंगामापुरती समुद्रावरची भांडणं बंद ठेवायचं ठरलं. ते सगळ्यांच्याच फायद्याचं निघालं, म्हणून लांबत लांबत १८५३ मध्ये कायमचं झालं. आखातातल्या मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता, त्यामुळे मुंबईलाही ते हवंच होतं. बुडी मारणारे हंगामभर समुद्रावर, त्यांना लुटलं तर शेखाची जकातही बुडते. हे कळायला कीर लागत नाही.

हिशेबनीस:

हंगामाच्या तहावर पहारा कोणाची जहाजं देत होती, तेही सांगा.

मालवणी खाजा:

एक राहिलं. कीरच्या फौजेत गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई लष्कराचे देशी शिपाई होते, आणि त्या लष्करात आपल्या कोकणातली भरती भरपूर. रास अल खैमा घेतल्यावर तिथे ठाणं ठेवलं कॅप्टन थॉम्पसनच्या हाताखाली. तहाचा अरबी मसुदा करणारा हाच. १८२० च्या नोव्हेंबरात तो ओमानमधल्या बनी बू अली या टोळीवर चालून गेला, कारण पुन्हा चाचेगिरीच. सपाटून मार खाल्ला. अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्यातले बहुतेक शिपाई. त्याचं कोर्ट मार्शल झालं, ठपका ठेवला, संपलं. मग १८२१ मध्ये सूड घ्यायला कोणाला पाठवलं असेल?

तिरकस:

स्मिथ?

मालवणी खाजा:

स्मिथच. त्या शिपायांची गावं मात्र खय लिवन ठेवल्यानी, तां माका अजून गावाक नाय.